राह्यलीची राहिली

प्रकाशकाचा मेसेज आला की तो उघडायला मी टाळाटाळ करतो. पूर्वी पुस्तक छापून झालं की लेखक सुटायचा, असं मी ऐकून आहे. आता लेखकाला आनंद व्हावा लागतो आणि तो चारचौघांना दिसावाही लागतो. मुखपृष्ठ तयार झालं, आनंद. पुस्तक छपाईला गेलं, आनंद. गठ्ठे बांधून झाले, त्या गठ्ठ्यांचा फोटो, पुन्हा आनंद. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर रसवंतीच्या बाकावर बसून, शेजारचा माणूस सोयाबीनच्या भावावरून फोनवर कोणाला तरी शिव्या घालत असताना, मी माझा आनंद टाइप करतो. कळवण्यास अत्यंत आनंद होतो की. या वाक्याचा मला इतका वीट आला आहे की कोणाच्या मयतीची बातमी लिहायची असली तरी बोटं आधी तिकडेच वळतात.

मी पूर्णवेळ लेखक आहे असं मी लोकांना सांगतो. बायको सांगते की हे घरीच असतात. दोन्ही खरं आहे. कादंबऱ्यांच्या मधल्या काळात मी काय काय लिहितो ते कोणी विचारत नाही, पण मंगरूळमध्ये माझं लिहिलेलं वाचल्याशिवाय माणूस बाजारातून घरी जाऊ शकत नाही. लग्नपत्रिकांचे मजकूर माझे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याच्या फोटोखाली जे यमक असतं ते माझं. रिटायर होणाऱ्या मास्तरांची मानपत्रं माझी, त्यात सगळेच मास्तर विद्यार्थिप्रिय असतात. निवडणुकीत हिंदी गाण्यांच्या चालीवर प्रचारगीतं लिहितो, आणि दोन्ही बाजूंची लिहितो, कारण दोन्ही बाजू आमच्याच गल्लीत राहतात. पोहरादेवीच्या यात्रेत एका मंडळासाठी भोंग्यावरच्या सूचना लिहिल्या होत्या, चुकलेल्या माणसांनी कुठे येऊन थांबावं याच्या. माझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या जास्त लोकांनी ऐकल्या, आणि ऐकून तसं केलं. हे भाग्य साहित्यात नाही.

शिवाय माझं एक चॅनल आहे. त्यावर मी वऱ्हाडी गोष्टी वाचून दाखवतो. घरात आवाज घुमतो म्हणून गोधड्या ठेवायच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्ड करतो. उन्हाळ्यात घामानं निथळत मी कपाटातल्या गोधड्यांना गोष्ट सांगत असतो, आणि बायको बाहेरून विचारते, "झालं का तुमचं, मले चादर पायजे."

हे सगळं मी हसत करतो. फक्त एक पुस्तक मी हसत लिहिलं नव्हतं. त्याची गोष्ट सांगायची आहे.

ते पुस्तक माझ्या मोठीमायचं आहे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं आणि त्यांचं अंगण एकच होतं, मध्ये कंबरेएवढी भिंत मागाहून घातली. माझी आई आजारी असायची, त्यामुळे लहानपणी मी त्या भिंतीच्या पलीकडेच जेवलो. तिला दोन मुलगे. थोरल्याचं बाजारात कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं. धाकटा तालुक्याच्या एका ऑफिसात आहे. मुलगी धनजला दिली. मोठेबाबा, तिचे यजमान, गेले तेव्हा मुलांनी चुली वेगळ्या केल्या आणि मायचे महिने वाटून घेतले. चैत्र धाकट्याकडे, वैशाख थोरल्याकडे, असं. एका दारातून दुसऱ्या दारात जायला तिला चार पावलं लागत. महिना संपला की आपली वळकटी घेऊन ती तेवढी जायची. आम्ही पाहायचो आणि कोणी काही बोलत नसे, कारण गावात सगळीकडे असंच आहे.

मग अधिक महिना आला. श्रावण दोनदा. वाटणीत तेरावा महिना धरलाच नव्हता. थोरला म्हणाला, माझा आषाढ झाला, आता ती तिकडची. धाकटा म्हणाला, माझा श्रावण खरा श्रावण, हा अधिकाचा कोणाचाच नाही. दोघंही माणसं वाईट नाहीत हो, कोणाच्या अडीअडचणीला धावून जातात. पण त्या महिन्यात दोघांनी पंचांग असं वाचलं की मधे माय उरली. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारशांचं वाण देतात. त्याच महिन्यात सासू पिशवीत दोन लुगडी घालून जावयाच्या घरी निघाली.

मी त्या दिवशी अमरावतीला कथाकथनाला गेलो होतो. घरी बायको होती. तिनं भिंतीवरून पाहिलं की मोठीमाय फाटक उघडून ऑटोच्या दिशेनं चालली आहे. समोर ओसरीवर दोघं भाऊ पोहे खात बसले होते. बायको कधी मोठ्यानं बोलत नाही, सासरच्या माणसांसमोर तर नाहीच. त्या दिवशी तिनं भिंतीला हात टेकून दोघांना ऐकू जाईल असा आवाज दिला, "मोठीमाय जाऊन राह्यली."

थोरल्यानं मान वर करून माझ्या बायकोकडे पाहिलं. मग पोह्यांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. ऑटो निघून गेला.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ‘जाऊन राह्यली’ म्हणजे जाते आहे. गेलेली नाही. अजून फाटकाशी आहे, अजून ऑटोवाल्याशी बोलते आहे, कोणी हातातली बशी खाली ठेवली तर अजून परत आणता येईल. त्या राह्यलीत तेवढा वेळ आहे. पूर्ण एक माणूस वाचवण्याएवढा वेळ. बायकोनं तो वेळ त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी पोहे खाल्ले.

हे वाक्य मी बायकोकडून ऐकलं तेव्हाच ठरवलं की याच्यावर पुस्तक लिहायचं आणि पुस्तक इथेच संपवायचं. राग होता. तो मी लपवत नाही. भावांशी भांडण्याची माझी हिंमत नव्हती, एका अंगणातला माणूस भांडून जातो कुठे, पण पुस्तकात मला कोणाची भीती नव्हती. माणसांची नावं बदलली, गाव बदललं, अधिक महिना तसाच ठेवला. शेवटच्या पानावर पोह्यांच्या बश्या, ओसरी, आणि खाली एकटी ओळ: म्हातारी जाऊन राह्यली. तिला अवतरणचिन्हं दिली नाहीत. कोण बोललं हे मुद्दामच ठेवलं नाही. मला वाटत होतं, सगळी गल्ली एका आवाजात ते म्हणते आहे असं वाचणाऱ्याला वाटावं, आणि ज्यांनी वाचून समजायचं त्यांनी समजावं.

प्रकाशकाचा नियम साधा होता: संवाद बोलीत, निवेदन प्रमाण भाषेत. मीच मान्य केला होता. पुण्याची संपादक मुलगी हुशार, मेहनती. तिसऱ्या प्रकरणात मेलेला बैल पाचव्या प्रकरणात मी पुन्हा गाडीला जुंपला होता, तो तिनं सोडवला. तिला मी नावं ठेवत नाही. शेवटची मुद्रितं मी बघून दिली, त्यात ओळ बरोबर होती. त्यानंतर छपाईच्या आधी तिनं एकदा अखेरचा हात फिरवला.

पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा मी प्रकाशकासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढत होतो. तोही आनंद असतो. बायकोनं वरची एक प्रत उचलली आणि पहिलं पान न बघता शेवटचं उघडलं. तिची ओळ तिथे होती ना. ती वाचत राहिली, मग मान वर करून म्हणाली, "हे मी कधी म्हटलं?"

छापलं होतं: म्हातारी लेकीकडे जाऊन राहिली.

व्हिडिओ चालूच होता. त्यात माझा आवाज आहे, तो मी इथे लिहू शकत नाही.

मी लगेच फोन लावला.

"सर, ‘राहिली’च बरोबर आहे ना?" ती म्हणाली. "‘राह्यली’ हे बोलीतलं रूप. निवेदनात आपण प्रमाण ठेवतोय."

"ते निवेदन नाही. ती हाक आहे."

"पण अवतरणचिन्हं नव्हती, सर."

नव्हती. ते खरंच होतं.

"आणि ‘लेकीकडे’ कुठून आलं?"

"जाऊन राहिली म्हटल्यावर वाचक विचारणारच ना, कुठे? आधी लेकीचा उल्लेख आहे. मला वाटलं, तुमच्याकडून घाईत सुटलं असेल."

मी तिला समजावून सांगितलं. आमच्याकडे काय म्हणतात, त्याचा अर्थ काय, ती अजून गेली नव्हती, कोणीही उठू शकत होतं. तिनं मला ती ओळ पुन्हा एकदा म्हणायला लावली. मग म्हणाली, "सॉरी सर. मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या आवृत्तीत नक्की करू." आणि मग, प्रामाणिकपणे, "पण मग शेवट फार वाईट होतो, नाही?"

वाईट होतो म्हणूनच लिहिला होता, बाई. पण हे मी म्हटलं नाही. पुढची आवृत्ती निघण्याइतकी माझी पुस्तकं खपत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पुण्याच्या मराठीत माणूस आधी जातो आणि मग कुठेतरी राहतो. आमच्या मराठीत तो अजून जात असतो. एवढ्या फरकात माझ्या भावांचा खटला उभा होता, आणि तो शुद्धलेखनात सुटला.

मग परीक्षणं यायला लागली. एवढी परीक्षणं माझ्या कुठल्याच पुस्तकाला आली नव्हती. एकानं लिहिलं की शेवटच्या एका वाक्यात लेखकानं म्हातारीला मुक्त केलं. दुसऱ्यानं लिहिलं, ग्रामीण स्त्रीनं स्वतःच्या अटींवर निवडलेलं घर. एका प्राध्यापिका बाईंनी फोनवर मुलाखत घेतली आणि विचारलं की हा आशावादी शेवट मला आधीपासून सुचला होता की लिहिता लिहिता. मी म्हणालो, लिहून झाल्यावर सुचला. त्यांना ते फार खोल वाटलं, त्यांनी ते तसंच छापलं.

प्रत्येक परीक्षण प्रकाशक मला पाठवी आणि प्रत्येकावर मी पोस्ट टाकी. टाकत होतो, हे खरं. दात ओठ खात टाकत होतो, पण टाकत होतो. या धंद्यात चांगलं बोलणाऱ्याला खोटं पाडलं की पुढच्या वेळी कोणी वाईटही बोलत नाही.

गावातही पुस्तक पोचलं. एका सकाळी थोरला चुलतभाऊ पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या दारात उभा. मधली भिंत झाल्यापासून तो आमच्या घरात आला नव्हता. बसला. हातात पुस्तक होतं, पानांच्या कडेला बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग लागलेला, त्याच्या बोटांचा.

"वाचलं म्या," तो म्हणाला. "सारं नाई. शेवट वाचला."

याच दिवसासाठी मी ते लिहिलं होतं आणि दिवस असा पेढे घेऊन आला होता.

"चांगलं लेहलं गा तू. गावात लोक काय काय बोलत. म्हने, मायले काढून देल्लं. तू लेहलं ना, लेकीकडे जाऊन राहिली म्हनून. आपल्या मनानं गेली अन् तिथं राह्यली. आता छापून आलं. आता कोन काय बोलते थे पाहू."

"दादा, म्या तसं नाई लेहलं," मी म्हणालो. "थे छापन्यात चुकलं."

"चुकलं कुठी? हे पाय ना." त्यानं गुलाबी बोट ओळीवर ठेवलं. "तुह्याच हातचं हाये. आता कायले लाजतं?"

छापलेल्या ओळीपुढे लेखकाचं कोण ऐकतो. बायको चहा घेऊन आली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तरी आली नाही, आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. थोरल्यानं पेढ्यांचा डबा तिथेच ठेवला आणि गेला.

त्यानं पुस्तकाचा अख्खा गठ्ठा मागवला. बियाण्याची पिशवी घेणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो एक प्रत देई आणि शेवटचं पान उघडून दाखवी. तोही शेवटचं पानच. आमच्या तालुक्यात कादंबरीचं एवढं वाचन कधी झालं नसेल. आठवड्याभरात फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

"सर, तुमच्या भावाइनं तुमचा फ्लेक्स सांगतला हाये चौकात लावाले. फोटू हाये, मजकूर नाई. तुमीच लेहून द्या. तुमच्याशिवाय कोन लेहते इथं?"

आणि मी लिहून दिला. आमच्या घराण्याची शान, साहित्यातलं मानाचं पान. खाली शुभेच्छुक म्हणून दोघा भावांचे फोटो, आणि एका कोपऱ्यात मोठीमायचा जुना फोटो, तिला नमस्कार करणारे हात असलेल्या चित्राच्या शेजारी. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच यमक आहे, आणि मात्रांत बरोबर बसतं.

मग एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. मानपत्रात ते वाक्य होतं, माझं नसलेलं. प्रकाशकानं स्वतः फोन केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसरी आवृत्ती काढतोय म्हणाला. मी म्हणालो, मग आता शेवटची ओळ दुरुस्त करायची.

"संपादकांनी सांगितलंय मला," तो म्हणाला. "तुम्ही लेखक आहात, तुमचा शब्द अंतिम. पण जरा विचार करा. मानपत्रातलं वाक्य आपण मागच्या कव्हरवर टाकतोय. लोकांना तोच शेवट आवडलाय. पुरस्काराच्या पुस्तकाचा शेवटच बदलला, तर परीक्षकांना काय वाटेल?"

"त्यांना खरं काय ते कळेल."

"फाइल तयार आहे, सर. बदल असेल तर कळवा. आणि दुसऱ्या आवृत्तीची पोस्ट तेवढी टाकून ठेवा."

मला वाटलं, आता पेच संपला. ओळ बदलायचीच. शिवाय चॅनलवर शेवटचं प्रकरण मी माझ्या आवाजात वाचणार, म्हणजे राह्यलीची राहिली करायला कोणी संपादक मध्ये येणार नाही. आणि त्याच्या आधी मोठीमाय स्वतः सांगेल की त्या दिवशी काय झालं होतं. तिचा आवाज, मग माझा. कृषी केंद्रातली गिऱ्हाइकं काय ते ऐकतील. मी माइकची बॅग घेतली आणि कारंज्याच्या गाडीनं धनजला गेलो.

मोठीमाय अंगणात उन्हात बसली होती, हरभऱ्याची भाजी निवडून वाळू घालत होती. खाट शेजारीच होती, पण ती खाली बसली होती. लेकीच्या घरी ती अजून तशीच बसते, पाहुणी आल्यासारखी. जावई आतून बाहेर गेले तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ते दिसेनासे होईपर्यंत हात थांबवून ठेवले. लेकीकडे जाऊन राहिली म्हणतात ते हे. मला वाटलं, त्या परीक्षकांना इथे आणून बसवावं.

मी तिला सगळं सांगितलं. मी काय लिहिलं होतं आणि काय छापलं. एकच शब्द, पण दोन अर्थ. ती हातातली काडी मोडत ऐकत होती.

"म्हंजे तू लेहलं का मी जात होती अन् कोनी उठलं नाई."

"हो."

"अन् त्याइनं छापलं का मी लेकीकडं आली अन् इथंच राह्यली."

"हो. म्हनून म्हनतो, तू एक डाव सांग, त्या दिवशी काय झालं थे. मी हे लावतो. मंग दुसऱ्या छपाईत बदलवून टाकतो."

"राहू दे."

"काहून?"

तिनं एक जून काडी बाजूला टाकली.

"दिवाईले मोठा आल्ता," ती म्हणाली. "इथं आल्यापासून पयल्यांदा आला. लुगडं आनलं. तुहं पुस्तकबी आनलं, जवायाले दाखवलं, म्हने पाहा, मायनं आपल्या मनानं केलं. जवाई हो म्हनले. त्याइलेबी बरं वाटलं." तिनं मूठभर भाजी फडक्यावर पसरली. "पोरीचं लगन हाये मोठ्याच्या, माघात. म्हने मांडवापासून येजो, हयद तुह्याच हातची लागली पायजे. मले थे लगन त्या घरातून पाह्याचं हाये, बापू. तू आता लोकाइच्या म्होरं त्याचं तोंड काळं करशीन, त थो मले न्याले येईन का?"

"पन मोठीमाय, थे खोटं हाये."

"खोटंच हाये," ती म्हणाली. जसं कोणी भाजी कडू आहे म्हणावं, तसं.

मला तिचा राग आला. हे लिहायला लाज वाटत नाही, खरंच आला. दोन वर्षं मी तिच्या बाजूनं एकटा लिहीत बसलो. ज्यांनी बशी खाली ठेवली नाही त्यांना ती हळदीसाठी माफ करून मोकळी, आणि माझ्या पुस्तकाचा जीव गेला तो गेलाच. मी माइकची वायर गुंडाळायला लागलो, जरा जोरातच. ती बघत होती.

"तुले राग आला," ती म्हणाली. "येऊ दे. तू दुसरं पुस्तक लेहशीन. मले दुसरे पोट्टे कुठून येतीन?"

तिच्या लेकीनं जेवू घातलं. मी जेवलो आणि निघालो. निघताना मोठीमायनं निवडलेली भाजी पिशवीत भरून दिली, बायकोसाठी. फाट्यावर गाडीची वाट पाहताना प्रकाशकाला मेसेज केला: बदल नाही. लगेच उत्तरादाखल अंगठा आला, आणि त्याच्या मागोमाग पुढच्या पोस्टसाठी मुखपृष्ठाचा फोटो.

घरी पोचलो तेव्हा टेबलावर थोरल्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तयार पडलेला होता, मीच लिहून ठेवलेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं विचारलं, "काय म्हने मोठीमाय?"

मी सगळं सांगितलं. लुगडं, हळद, मांडव, बदल नाही. सांगताना मी मोठीमायची बाजू घेत होतो हे माझ्या लक्षात आलं, पण सांगत गेलो. म्हातारीचं सुख, तिची इच्छा, आपण कोण मध्ये येणारे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. हातातली घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली.

"मंग मी त्या दिवशी आवाज देल्लाच नाई, असं म्हना," ती म्हणाली.

मी टेबलावरचा पत्रिकेचा कागद उलटा ठेवला.

"त्या लग्नाले तुमी एकलेच जाजो."